एफ्राइनचं सामान

"या वेळी पोरीला नटवू नका, दोन्या प्रोवि," सार्जंट रेंतास म्हणाला. "केस सेट करू नका, अत्तर फवारू नका, आणि सकाळी उठून आंघोळीला जा, आंघोळीला जा म्हणून तिच्या मागेही लागू नका."

प्रोविच्या हातातली इस्त्री शाळेच्या गणवेशाच्या कॉलरवर थांबली. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिनं ती उचलली. धुण्या-इस्त्रीवर तीन पोरं वाढवून जिनं नावाआधी 'दोन्या' हा मान मिळवला त्या बाईच्या घरात बसून, तिचीच कॉफी पिऊन, असं बोलायची हिंमत आमच्या वस्तीत दुसऱ्या कुणाची झाली नसती.

"म्हणजे माझी मुलगी सरकारी डॉक्टरपुढे घामेजलेली जाणार? लोक काय म्हणतील, हिला आई नाही?"

"डॉक्टरला तेच कळायला हवंय, की तिला आई आहे आणि तरीही ती अशी आहे."

सार्जंट रेंतास व्हिएतनामला गेला होता आणि एका कानानं बहिरा होऊन परत आला होता. आता तो पालिकेच्या मागच्या खोलीत बसून माजी सैनिकांची भांडणं सरकारशी लढतो. त्याचं पहिलं नाव पाद्रीलासुद्धा आठवत नसेल. बहिऱ्या कानाचा त्याला एक फायदा होता. ज्या बाजूनं प्रोवि बोलायची तो कान नेमका ऐकू न येणारा असायचा.

पण या वेळी तो म्हणत होता त्यात तथ्य होतं, आणि प्रोविला ते ठाऊक होतं. म्हणूनच तिला राग येत होता.

मागच्या वर्षी सैन्यातून परतलेल्या मुलीची, ग्लोरिमारची, भरपाईच्या दाव्यासाठी पहिली तपासणी झाली तेव्हा प्रोविनं तिला चर्चमध्ये मिसेला न्यावं तसं सजवून नेलं होतं. पांढरा ब्लाउज, कडक इस्त्री, कानात मोत्याचे डूल, केस ड्रायरनं सरळ केलेले. शिवाय डॉक्टरसाठी नारळाच्या वड्यांचा डबा. आमच्याकडे डॉक्टरकडे जायचं ते असंच. रोग असला म्हणून माणसानं रोग्यासारखं दिसायचं नसतं. आणि डॉक्टरनं "कसं काय?" विचारलं की "बरं आहे, देवाची कृपा" म्हणायचं. ते काही उत्तर नसतं, ती रीत असते. माझा स्वतःचा चुलता मरायच्या दिवशी प्राणवायूची नळी बाजूला सारून हेच म्हणाला होता.

त्या डॉक्टरला ही रीत कळली नाही, किंवा कळूनही त्यानं कानाडोळा केला. त्यानं लिहिलं की बाई नीटनेटकी आहे, हसतमुख आहे, आई प्रेमळ आहे. लष्करी सेवेमुळे मनाचा आजार जडल्याचं दिसत नाही. वड्या मात्र मेल्यानं ठेवून घेतल्या.

नकार आला त्या दिवशी ग्लोरिमार स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे म्हणाली होती, "बरोबर आहे त्यांचं, माई. मला काही झालेलंच नाही."

"असं कसं? तू झोपत नाहीस, जेवत नाहीस, नोकरी गेली तुझी..."

"म्हणजे मी आजारी नाही. मी नुसतीच वाईट आहे."

आणि मग तिनं सांगून टाकलं होतं. सार्जंट इतकी गळ घालतोय म्हणून ती आणखी एकदा जाईल. पुन्हा हेच उत्तर आलं तर मात्र बस. मग गोळ्या नाहीत, डॉक्टर नाही, कुणी काही विचारायचं नाही. हे ती अशा आवाजात म्हणाली की त्या 'बस'चा अर्थ प्रोविला विचारावा लागला नाही. सरकारच्या पैशाची प्रोविला गरज होतीच, कुणाला नसते? पण त्या दिवसापासून तिला पैशापेक्षा दुसरंच काही हवं होतं. कुणीतरी, शिक्का असलेल्या कुणीतरी, आपल्या मुलीला सांगावं की तू वाईट नाहीस, तुला काहीतरी झालंय. आईचं म्हणणं मुली ऐकत नाहीत.

"आणि दुसरं," सार्जंट उठता उठता म्हणाला, "तिथं एक घटना सांगावी लागते. काय झालं, कुठे झालं, कोण होतं. नुसतं 'युद्धावर होते' म्हणून भागत नाही. मी विचारून थकलो. मला म्हणते, गोदामात होते, सामान मोजत होते."

"तेच करत होती ती. इराकच्या कुठल्याशा तळावर. बंदूकसुद्धा उचलली नाही कधी."

"कसलं गोदाम? कसलं सामान?"

"ते मला काय ठाऊक? सामान म्हणजे सामान."

सार्जंटनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, टोपी घातली आणि गेला.

प्रोवि पुन्हा इस्त्रीकडे वळली. तिला एक जुनी गोष्ट आठवली, आठवायला नको असताना. ग्लोरिमार परत आली त्या वर्षी एकदा रात्रभर बोळातल्या गार फरशीवर बूट घालून पडून होती. तेव्हा वैतागून प्रोवि म्हणाली होती, "अगं, तू तर लढलीसुद्धा नाहीस. तुला काय झालंय?" तेव्हापासून ग्लोरिमार कुठल्याच बाबतीत फारशी बोलली नव्हती.

घरात मात्र तिचे हात रिकामे नसायचे. किल्ल्या, नाणी, घड्याळं, भावाच्या पाकिटाचं चामडं, आईच्या बोटातली अंगठी, जे सापडेल ते ती घेऊन बसायची आणि जुन्या टूथब्रशनं घासायची. अंगठीच्या नक्षीत ब्रशचे केस घालून, नळाच्या बारीक धारेखाली, अर्धा अर्धा तास. औषधांच्या कारखान्यातली नोकरी त्यापायीच गेली, ती नळापासून हलेना. पण प्रोविला या सवयीचं मनातून कौतुक होतं. पोरगी बाकी कशीही झाली तरी स्वच्छतेत माझ्या वळणावर गेली, असं ती चार बायकांत सांगायची.

बाकीचं ती सांगायची नाही. बाकीचं म्हणजे मायग्रेन. ग्लोरिमार मिसेला का येत नाही? मायग्रेन. भाचीच्या लग्नात का दिसली नाही? मायग्रेन. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि प्रोविची मूठ तर इतकी वर्षं झाकून होती की बोटं आखडली होती. एका माणसापासून तर तिला विशेषच झाकायचं होतं, ती म्हणजे समोरच्या घरातली मोंचिता.

मोंचिताचा एकुलता एक मुलगा एफ्राइन ग्लोरिमारच्याच शाळेत होता. तो लढाईच्या पलटणीत गेला. रस्त्यात पुरलेल्या स्फोटानं त्याची गाडी उडाली आणि तो पेटीतून परत आला. पेटी उघडू दिली नाही. आता ज्या बाईचा मुलगा गेला तिच्यापुढे जाऊन, 'माझी मुलगी जिवंत परत आली खरी, पण तिला झोप येत नाही,' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? प्रोविला ते पाप वाटायचं. देव ऐकेल आणि म्हणेल, अच्छा, तुला तक्रार आहे का?

मोंचिता दर रविवारी मिसेहून येताना प्रोविच्या सज्जात झुलत्या खुर्चीवर टेकायची. त्या रविवारीही टेकली.

"पोरगी कशी आहे?"

"बरी आहे, देवाची कृपा. डोकं तेवढं दुखतंय आज."

"रोजच दुखतं बाई तिचं. डोकं आहे की काय आहे!" मोंचितानं पंख्यानं वारा घेतला. मग नेहमीप्रमाणे तिची गाडी तिच्या रुळावर आली. "माझ्या एफ्राचंही डोकं दुखायचं उन्हात. काल त्याच्या सामानाची पेटी काढली होती पुसायला. तुला सांगते प्रोवि, इतक्या वर्षांत चकाकी गेली नाही अंगठीची. घड्याळ, पाकीट, चाव्या, सगळं कसं कोरं करकरीत पाठवलं होतं त्यांनी. एक डाग नाही. तेव्हाच मी ओळखलं, माझ्या लेकराला काही कळलंसुद्धा नसेल. झोपल्यासारखा गेला तो. नाहीतर सामानावर काही दिसलं नसतं का?"

"दिसलं असतं," प्रोवि म्हणाली. ती दर वेळी हेच म्हणायची.

घरात मागच्या बाजूला नळ जोरात सुटला. मोंचिता आली की ग्लोरिमार मोरीत जायची आणि ती जाईपर्यंत नळ बंद व्हायचा नाही. पाण्याचं बिल येई तेव्हा प्रोवि मोंचितालाच मनातल्या मनात शिव्या घालायची.

तपासणीच्या दिवशी सार्जंटनं आपली गाडी आणली. ग्लोरिमार बाहेर आली ती घरात घालायच्या राखाडी टी-शर्टात, केस रबरानं मागे बांधलेले, डोळ्यांखाली काळं. प्रोविनं ओठ दाबून धरले. पर्समध्ये तिनं फणी लपवलीच होती, सवयीला औषध नाही. सान हुआनपर्यंत सबंध रस्ता तिचा हात पर्सच्या चेनवर होता. इमारतीच्या लिफ्टमध्ये तर तिनं जिभेला बोट लावून मुलीची भुवई सारखी करायला हात पुढे केलाच.

"दोन्या प्रोवि," सार्जंट म्हणाला.

"डास होता," प्रोवि म्हणाली आणि हात मागे घेतला.

लिफ्टच्या आरशात पाहत ग्लोरिमार किंचित हसली. कित्येक महिन्यांनी हसली असेल. प्रोविला वाटलं, आता नेमकी आत जाऊन हसू नकोस म्हणजे झालं. मुलगी हसली म्हणून आईनं घाबरावं, अशी वेळ आणली होती सरकारनं.

डॉक्टर सांतायेया तरुण होता आणि सकाळीच दमलेला होता. आईनं बसलं तर चालेल का असं त्यानं ग्लोरिमारला विचारलं, तिनं मान हलवली. सार्जंट बाहेर थांबला.

"कशा आहात?" डॉक्टरनं संगणकाकडे बघत विचारलं.

"बरी आहे, देवाची कृपा."

प्रोविनं डोळे मिटले. टक टक टक, डॉक्टरची बोटं चालली.

"झोप?"

"येते."

"रागावर ताबा राहत नाही असं होतं का?"

"नाही, सर."

"घरातल्यांशी संबंध?"

"चांगले आहेत, सर."

ती ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर समोर. कुणी वरिष्ठ विचारतोय आणि आपण हजेरी देतोय तशी. कपडे मळके असून काय उपयोग? आतून तिला कडक इस्त्री होती, आणि ती कुणी केली होती हे प्रोविला कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टर म्हणाला, "तुमच्या नोंदीत प्रत्यक्ष लढाई दिसत नाही. गोळीबार, हल्ला, असं काही तुमच्या बाबतीत घडलेलं नाही. तुम्ही लढलेल्या नाहीत. मग नेमकं काय झालं असं तुम्हाला वाटतं?"

प्रोविला आपलाच आवाज ऐकू आला. तेच वाक्य. बोळातलं, वैतागलेलं, आठ वर्षांपूर्वीचं वाक्य आता टाय लावून समोर बसलं होतं.

"मला बोलू द्या," ती म्हणाली.

"तुम्हाला विचारणारच आहे मी, सेन्योरा, पण आधी..."

"आधी नाही, आत्ता. ती झोपत नाही. बोळात फरशीवर पडते, बूट घालून. मी रात्री उठले की तिला ओलांडून जाते, आणि ओलांडताना वाकून बघते श्वास चाललाय का. एकदा मी झोपेत खोकले तर ही येऊन माझ्या गळ्याची नाडी बघत होती. माझ्या पोरीच्या हाताला घाबरून मीच किंचाळले. भावाला घराबाहेर जाऊ देत नाही खिसे रिकामे केल्याशिवाय. कारखान्यातून काढलं तिला. मी सगळ्यांना सांगते मायग्रेन आहे. डॉक्टर, तिला मायग्रेन नाही. मायग्रेन माझ्या तोंडात आहे."

बोलता बोलता तिला दम लागला. असं काही तिनं पाद्रीपुढे पापाच्या कबुलीतसुद्धा म्हटलं नव्हतं.

डॉक्टरनं ग्लोरिमारकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

ग्लोरिमारनं आईकडे पाहिलं. लाल झालेली, पर्स छातीशी धरलेली म्हातारी. तिचा चेहरा मऊ झाला आणि ती म्हणाली, "माई जरा वाढवून सांगते, सर. वय झालंय तिचं. मी बरी आहे."

प्रोविनं आयुष्यात मुलांना शिकवलेलं सगळंच काही ती मुलं शिकली नव्हती. एकाला स्वयंपाक आला नाही, दुसऱ्याला वेळ पाळता आली नाही. पण हे एक ग्लोरिमार पुरतं शिकली होती. चार लोकांत आईची लाज राखायची, आपला जीव गेला तरी. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"खोटं बोलतेय ती," प्रोवि म्हणाली. आवाज चढला नाही, उलट बसला. "चांगली मुलगी आहे म्हणून खोटं बोलतेय. मी शिकवलंय. ग्लोरी, माझ्याकडे बघ. मी तुला म्हटलं होतं, तू लढली नाहीस. मी विचारलंच नाही की मग काय केलंस. चुकलं माझं. आता विचारते. कसलं गोदाम होतं ते?"

डॉक्टरची बोटं थांबली होती. एवढं शहाणपण त्याच्यात होतं.

"मेलेल्यांच्या सामानाचं," ग्लोरिमार म्हणाली.

मग ती बोलली, खाली बघून, एकसुरी. पोरं पिशव्यांतून यायची. देह एका बाजूला जायचे, सामान तिच्या टेबलावर. प्रत्येक खिसा उलटा करायचा. प्रत्येक वस्तू मोठ्यानं म्हणायची, दुसऱ्यानं लिहून घ्यायची. घरच्यांना लाज वाटेल किंवा जास्त दुःख होईल असं काही असलं तर ते वेगळं काढायचं. बाकीचं धुवायचं. रक्त लागलेलं घरी पाठवायचं नाही, आया ते उघडतात. अंगठ्यांच्या नक्षीत वाळलेलं पाण्यानं निघत नाही, त्याला टूथब्रश लागतो.

प्रोविनं आपल्या बोटातल्या अंगठीवर दुसरा हात ठेवला. माझ्या वळणावर गेली, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. अभिमानानं.

"एक नियम होता," ग्लोरिमार म्हणाली. "पिशवी उघडायच्या आधी नाव वाचलं जायचं. कुणाच्या ओळखीचा असेल तर त्यानं हात वर करायचा आणि बाहेर जायचं. दुसरा येऊन करायचा. एके दिवशी नाव वाचलं आणि आमच्या तिथल्या सार्जंटनं विचारलं, कुणी ओळखतं का? मी हात वर केला नाही."

"का?" डॉक्टरनं विचारलं.

"माझ्याऐवजी ज्याची पाळी होती तो पोरगा च्युइंगम चघळत काम करायचा, गाणी म्हणत. वाईट नव्हता. सगळेच काहीतरी करायचे. पण मला वाटलं, हा आपल्या गल्लीतला आहे. याचं नीट व्हायला हवं." ती थांबली. "संपल्यावर सार्जंटनं विचारलं, ठीक आहेस ना? मी म्हटलं, ठीक आहे."

"नाव?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "ते नोंदवलं तर पडताळता येतं."

ग्लोरिमारनं नाव सांगायच्या आधीच प्रोविला ते कळलं होतं. तिला मोरीतला नळ ऐकू येत होता.

परतीच्या वाटेवर ग्लोरिमार एकच वाक्य बोलली, "मोंचिताला सांगायचं नाही." प्रोविनं लगेच शपथ घेतली. झाकण्यात तर तिचा हातखंडा होता. शिवाय ते सामान कोरं होतं म्हणून तर मोंचिता जगत होती, तिच्या हातून ती एक गोष्ट कोण काढून घेणार? सार्जंटनं बहिरा कान त्यांच्या बाजूला केला आणि गाडी चालवत राहिला.

निकाल यायला बरेच महिने लागले. सरकारला मेलेल्यांची नावं पडताळायला जिवंतांच्या नावांपेक्षा वेळ लागतो. शेवटी मंजूर झालं, सत्तर टक्के अपंगत्व. म्हणजे उरलेली तीस टक्के ग्लोरिमार ठणठणीत आहे असं सरकारचं मत पडलं. ती कुठली तीस टक्के हे सार्जंटनं पुष्कळ शोधलं, त्याला सापडली नाही. पण सेवेमुळे झालेला आजार, असं पत्रात स्पष्ट म्हटलं होतं. ग्लोरिमारनं ते वाक्य उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. रडली नाही. त्या दुपारी मात्र तिनं आपण होऊन पान भरून भात वाढून घेतला आणि प्रोवि चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

वस्तीत बातमी पसरायला कुणाला काही करावं लागत नाही. संध्याकाळी मोंचिता सारण भरून केळीच्या पानात उकडलेले पास्तेलेस घेऊन हजर झाली आणि सज्जातल्या झुलत्या खुर्चीवर टेकली.

"अभिनंदन! सरकारनं पोरीचं काहीतरी मंजूर केलं म्हणे. कसलं गं?"

"ते आपलं..." प्रोविनं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. "मायग्रेनचं."

"प्रोवि, सरकार मायग्रेनचे पैसे देत असतं तर अख्खी वस्ती मोटारीतून हिंडली असती. मुलगा गेला माझा, अक्कल नाही गेली."

आणि नेमका तेव्हा मागचा नळ बंद झाला.

ग्लोरिमार ओल्या हातांनी दारात आली. इतक्या वर्षांत ती मोंचितासमोर उभी राहिली नव्हती. लहान मुलं मोठ्यांपुढे येताना म्हणतात तसं ती म्हणाली, "आशीर्वाद द्या, दोन्या मोंचिता."

"देव तुझं भलं करो, लेकी. किती वाळलीस!"

"ग्लोरी, आत जा," प्रोवि म्हणाली. "तुला बरं वाटत नाहीये."

"हो, माई. नाहीच वाटत." ती मोंचिताकडे वळली. "एफ्राइनचं सामान माझ्या टेबलावर आलं होतं. ते मी धुतलं. ते तसं कोरं नव्हतं. मी केलं कोरं."

मोंचिताची झुलती खुर्ची थांबली. तिनं ग्लोरिमारच्या हातांकडे पाहिलं, नंतर तोंडाकडे, परत हातांकडे. मग कठड्याला धरून उठली आणि रस्ता ओलांडून आपल्या घरात गेली. दार लावल्याचा आवाज आला.

"काय केलंस हे!" प्रोवि फुटली. "सत्यानाश! तेवढ्या एका गोष्टीवर जगत होती ती बाई. डॉक्टरला सांगितलंस, झालं होतं ना काम? सरकारनं मानलं होतं ना?"

"सरकारनं मानलं म्हणून तर," ग्लोरिमार म्हणाली. "आता पैसे येतील दर महिन्याला. एफ्राइनचे. तिच्या समोरच्या घरात बसून मी ते खाऊ, आणि ती आली की नळ सोडू?"

प्रोविला मुलीचा राग आला होता आणि मोंचिताची भीती वाटत होती. आणि या दोहोंच्या खाली कुठेतरी, कबूल करायला लाज वाटावी असा, अभिमानही होता. पास्तेलेस ओट्यावर गार होत गेले.

तो आठवडाभर मोंचिताच्या खिडक्या उघडल्या नाहीत. रविवारी ती मिसेला गेली नाही. प्रोवि दोनदा तिच्या फाटकापर्यंत गेली आणि हाक न मारताच परतली. काय म्हणणार होती? बरी आहेस ना, असं? ग्लोरिमार बोळात फरशीवर होती, पण तिनं घासायला काही घेतलं नव्हतं. ती नुसती रस्त्यापलीकडच्या दाराकडे कान लावून होती, हे प्रोविला दिसत होतं. हिचं काय होईल आता, शिक्क्याचा कागद काय वाचवणार हिला, असं तिला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

मग एका सकाळी, पावाची गाडी भोंगा वाजवत गेल्यावर, मोंचिता आली. अंगावर चुरगळलेला घरातला झगा, केस तसेच. मोंचिताला अशा अवतारात वस्तीनं कधी पाहिलं नव्हतं. काखेत पेटी होती. तिनं कुणाला विचारलं नाही, सरळ स्वयंपाकघरात आली, टेबलावरचं कॉफीचं भांडं हातानं बाजूला सारलं आणि पेटी उघडली. अंगठी, घड्याळ, पाकीट, चाव्या एकेक करून मांडल्या.

"बस," ती ग्लोरिमारला म्हणाली.

ग्लोरिमार बसली.

"त्याच्या गळ्यात मी कापडी ताईत घातला होता. देवमातेचं चित्र शिवलेला. आंघोळीलासुद्धा काढणार नाही अशी शपथ घेतली होती त्यानं. तो परत आला नाही. मी कधी कुणाला बोलले नाही, म्हटलं बोलले तर कुणीतरी म्हणेल, चोरला असेल, हरवला असेल. पण माझ्या पोरानं तो गळ्यातून काढला असेल, हे मला सहन होत नव्हतं. देवावरचा विश्वासच उडाला असेल का त्याचा शेवटी, असं वाटायचं." तिनं टेबलावर तळहात सपाट ठेवला. "सांग. होता का त्याच्या गळ्यात?"

प्रोविच्या ओठांवर आयतं उत्तर आलं होतं. तिकडे घाईगर्दीत हरवतं गं असलं काही, मोंचिता. ते तिनं गिळलं.

"होता," ग्लोरिमार म्हणाली. "गळ्यातच होता. पण कापड होतं ना. मी खूप धुतलं, दोन्या मोंचिता. सबंध रात्र धुतलं. डाग निघेचना."

मोंचितानं डोळे मिटले. मग तिनं खुर्ची पुढे ओढली, ग्लोरिमारच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग."